अडकलेला हर्निया: दुर्बीण की चिरा?

तालुक्याच्या गावात सर्जरी करताना जांघेचे अडकलेले हर्निये पाहिले, त्यातून बनलेली ही काही मतं.

१. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, दुर्बिणीनं होईल ना?" मी विचारतो, "गाठ कधीपासून आत जात नाही?" रक्तपुरवठा तुटलेलं आतडं काही तासांत काळं पडतं. आधी घड्याळ, मग पद्धत.

२. आतडं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय टाके घालू नयेत. इथे दुर्बीण उजवी. भूल दिली की स्नायू सैल पडतात आणि अडकलेलं आतडं कधीकधी आपसूक पोटात सरकतं. जांघेतल्या चिऱ्यातून ते मग सापडत नाही. दुर्बीण पोटात घातली की ते समोर दिसतं. जांभळट असेल तर भूलतज्ज्ञांना ऑक्सिजन वाढवायला सांगायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. रंग गुलाबी झाला, आतडं हलू लागलं, तर कापायचं कारण नाही. ही पंधरा मिनिटं नवख्या सर्जनला फार जड जातात! चिरा घेऊन ऑपरेशन चालू असतानाही हर्नियाच्या पिशवीतूनच दुर्बीण आत सारून आतडं पाहता येतं. मला ही युक्ती फार आवडते. दोन्ही पक्षांचं भांडण तिथेच निम्मं मिटतं.

३. दोन दिवस उलट्या करून आलेल्या पेशंटचं पोट टम्म फुगलेलं असतं. दुर्बिणीसाठी पोटात गॅस भरायला जागाच उरत नाही, आणि सुजलेलं आतडं चिमट्यानं ओढताना फाटू शकतं. शिवाय दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते. दमेकरी, हृदयाचं दुखणं असलेल्या आजोबांना मणक्यातलं इंजेक्शन देऊन, प्रसंगी फक्त जागा बधिर करून चिऱ्यानं मोकळं करता येतं. त्यात कमीपणा कसला?

४. आतडं ठणठणीत असेल तर जाळी बसवावी, कुठल्याही पद्धतीनं. ते फुटून घाण पसरली असेल तर मी जाळी ठेवत नाही, टाक्यांवर भागवतो. इटलीतल्या बस्सिनींनी १८८७ साली मांडलेली पद्धत अशा रात्री अजून उपयोगी पडते. पुण्याच्या डॉ. मोहन देसरडांची बिनजाळीची पद्धतही आहे. तिच्यात पेशंटच्याच पोटाच्या स्नायूच्या पापुद्र्याची पट्टी वापरतात. नव्या मुलांनी दुर्बिणीबरोबर हेही शिकावं.

५. "पित्त झालंय" म्हणत उलट्या करणाऱ्या सडपातळ आजींची जांघ तपासाच. मांडीच्या वरच्या टोकाचा हर्निया बायकांत जास्त, गाठ सुपारीएवढी, आणि अडकण्याचा धोका मोठा. लाजेपायी त्या सांगत नाहीत, आणि घाईत डॉक्टरही लुगडं सारून पाहत नाहीत.

६. जखम पिकणं कमी, दुखणं कमी, कामावर लवकर परत, हे दुर्बिणीचे फायदे खरे आहेत. पण ते सरावलेल्या हाताचे. रात्री दोन वाजता समोरचा सर्जन रोज जे ऑपरेशन करतो तेच त्याला करू द्या.

जांघेतली गाठ आत जाईनाशी झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या, तर चोळू नका, दाबू नका, पट्टा बांधू नका. खाणंपिणं बंद करून, ऑपरेशनची सोय असलेलं जवळचं हॉस्पिटल त्याच रात्री गाठा.