खारे पाणी आणि काचेची सळई

आमच्या आळीतला एक पोरगा गोव्याकडे सळई बांधायच्या कामावर असतो. दिवाळीला गावी आला तेव्हा त्याने हातभर कांडी आणली. बोटाएवढी जाड, पण उचलावी तर हलकी. म्हणाला, "गुरुजी, मुकादम हिला काचेची सळई म्हणतो. काच कशी टिकंल हो काँक्रीटात?"

प्रश्न चांगला आहे. आपण तो नीट पाहू.

काँक्रीट दाबले तर सोसते, ओढले तर तडकते. म्हणून आत लोखंडी सळई घालतात. सिमेंटाला चुन्याचा गुण असतो; कालवताना हात फुटतात ते त्यानेच. त्या गुणामुळे आतले लोखंड गंजत नाही. पण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम मीठ असते. ते हळूहळू काँक्रीटात मुरते आणि सळईपर्यंत पोचते. मग गंज चढतो. गंज फुगतो, काँक्रीटला भेगा पडतात, पोपडे सुटतात. पणजीचा मांडवी नदीवरचा पूल 5 जुलै 1986 रोजी कोसळला. तो बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. त्यातल्या ताणलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. आतल्या तारा वरून दिसणार कशा?

आता ही सळई. काचेचे केसाहून बारीक हजारो धागे राळेत घट्ट बसवून ती करतात. मिठाने ती गंजत नाही. वजन लोखंडाच्या सुमारे चौथाई. पण तिलाही वैरी आहेच. सिमेंटाचा जो चुन्याचा गुण लोखंडाला राखतो, तोच ओल मिळाली की काचेला खातो! राळेचे कवच धड आहे तोवर धागे सुरक्षित. उष्ण, दमट जागी झीज लवकर होते. म्हणून इंजिनियर तिची सगळी ताकद हिशेबात धरत नाहीत.

पोराला मी सांगितले, ही सळई जागेवर वाकवू नकोस. लोखंड वाकते, ही तुटते. कोन हवा तर कारखान्यातूनच तसा करून आणतात. फरफटत ओढू नकोस, कवचाला ओरखडे पडतील. महिनोन्महिने उन्हात उघडी टाकू नकोस, राळ खराब होते. कापताना हातमोजे घाल, नाकातोंडाला पट्टी बांध. ती भुकटी काचेची आहे बाबा.

"मग खाडीचं पाणी कालवायला घेतलं तर चालंल का?"

नाही. त्याच कामात कुठे ना कुठे लोखंडही असते.