शंका-समाधान : काटे, काळी माती आणि कूलरचं पाणी

उन्हाळ्याच्या तोंडावर आलेल्या टपालात सायकल, कूलर आणि इन्व्हर्टर यांचीच पत्रं जास्त आहेत. बहुतेकांना ‘कोणती नवी वस्तू घेऊ?’ एवढंच विचारायचं आहे. बऱ्याच ठिकाणी उत्तर ‘नवी घेऊ नका’ असंच द्यावं लागलं, त्याला इलाज नाही. आपल्या भागातलं ऊन, बोअरचं जड पाणी आणि चिकट माती लक्षात घेऊन वस्तू वापरली तर ती टिकते. नाही तर महागातली वस्तूही दोन उन्हाळ्यांत मान टाकते.

प्रश्न : रविवारी मित्रांबरोबर नांदेडहून रत्नेश्वरीच्या डोंगराकडे सायकलवर जातो. डांबरीवर अडचण नाही, पण पांदणीत शिरलं की पंक्चर ठरलेलं. दुकानदार म्हणतो, भारी टायर टाका. टाकू का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : आधी काटा कोणता ते बघा. पांदणीत दोन काटे त्रास देतात. पहिला बाभळीचा, त्यातही वेड्या बाभळीचा. शेताला कुंपण घालायला फांद्या ओढत नेतात, तेव्हा काटे वाटेवर गळतात. हा काटा लांब आणि सरळ असतो, एकच भोक पाडतो आणि पुष्कळदा टायरातच मोडून बसतो. दुसरा सराटा. पावसाळ्यात जमिनीसरपट वाढणाऱ्या या वेलीचं फळ वाळलं की त्याचे पाच तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एक काटा वर राहतोच. एकाच फेरीत ट्यूबला चार-पाच भोकं पडली तर सराटा समजा.

आता पंक्चर काढण्याची रीत. ट्यूब काढली की टायर आतून तपासल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. उघड्या बोटांनी चाचपू नका. कापसाचा बोळा टायरच्या आतून गोल फिरवा. जिथे कापसाचा धागा अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. ते चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढा. ‘कालच पंक्चर काढलं आणि आज परत’ ही तक्रार बहुतेक वेळा या राहिलेल्या टोकामुळेच असते.

ठिगळ लावताना ट्यूब घासपेपरने खरवडा, सोल्युशनचा पातळ हात द्या आणि त्याची चमक जाईपर्यंत थांबा. ओल्या सोल्युशनवर दाबलेलं ठिगळ दुपारच्या उन्हात ट्यूब तापली की कडेने सुटतं.

टायर झिजलेला नसेल तर बदलू नका. त्याऐवजी टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये बसणारी लायनरची पट्टी घाला. पट्टीची दोन्ही टोकं एकमेकांवर येतात तिथे ती ट्यूबला घासते, म्हणून टोकं कानशीने गुळगुळीत करा. त्याच्या जोडीला ट्यूबमध्ये सीलंट घालता येतं. व्हॉल्वची आतली पिन काढता येत असेल तर साध्या बाटलीने ते आत जातं. मात्र आपल्या उन्हात सीलंट लवकर वाळतं. डब्यावर सहा महिने लिहिलेलं असलं तरी मार्च ते जूनमध्ये दोन-तीन महिन्यांनी पुन्हा घालावं लागतं.

हवेचंही बघा. कॉम्प्रेसरवाला सवयीने टायर दगडासारखा कडक करून देतो. दोन इंची टायर आणि सत्तर किलोचा माणूस असेल तर डांबरीवर 40 ते 45 आणि पांदणीत 30 ते 35 पीएसआय पुरते. टायरच्या बाजूवर किमान-कमाल आकडे छापलेले असतात, त्यांच्या बाहेर जाऊ नका. फार कमी हवेत दगडाची धार रिमवर आदळून ट्यूबला सापाच्या दाताच्या खुणेसारखी दोन भोकं पडतात, तो दोष काट्याचा नव्हे.

प्रश्न : पहिल्या पावसानंतर शेतवाटेने सायकल नेली. शंभर फुटांत चाकं जाम झाली, शेवटी खांद्यावर घेऊन आलो. रुंद टायर घेतला तर चालेल का? (शिक्षक, औसा तालुका)

उत्तर : नाही, रुंद टायरने अडचण वाढेल. काळी माती ओली झाली की फुगते आणि थरावर थर चढवत जाते. टायर जितका रुंद, तितकी फ्रेम आणि टायर यांच्यातली फट कमी. ती बुजली की चाक थांबतं. ओल्या काळ्या मातीत चालेल असा टायर कोणत्याच दुकानात नाही. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन दिवस काळ्या रानात जाऊ नका.

मग जायचं कुठे? जिथे मुरूम किंवा जांभा आहे तिथे. तुमच्याच तालुक्यातल्या खरोसा लेण्या जांभ्या दगडाच्या टेकडीत खोदलेल्या आहेत. अशा जमिनीत पाणी लवकर मुरतं आणि चाकाला माती धरत नाही. उदगीरकरांना हत्तीबेट आहे, नांदेडकरांना रत्नेश्वरी. माहूर-किनवटच्या जंगलाकडे जायचं असेल तर आधी वनखात्याकडे चौकशी करा.

चिखल लागलाच तर सायकल धुवायला वॉशिंग सेंटरवर नेऊ नका. तिथल्या फवाऱ्याचा जोर हबच्या आणि पायडलच्या बेअरिंगमध्ये मातीचं पाणी घुसवतो, ग्रीस बाहेर पडतं आणि महिनाभरात करकर सुरू होते. काळी माती वाळू द्या. वाळली की तडकते आणि काडीने ढपले निघतात. उरलेलं ओल्या फडक्याने पुसा, चेन कोरडी करा आणि प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडून वरचं तेल पुसून टाका.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. त्याला दोन्हीकडे शॉकअप, मॅग व्हील आणि 21 गिअरची सायकल हवी आहे. आमचं बजेट बारा हजार. काय करावं? (गृहिणी, उदगीर)

उत्तर : बारा हजारांत या तिन्ही गोष्टी मिळतात, पण तिन्ही हलक्या दर्जाच्या. मागचा स्वस्त शॉकअप म्हणजे नुसती स्प्रिंग. मुलगा पायडल मारील तेव्हा त्याची निम्मी ताकद ती दाबण्यात जाईल आणि सायकलचं वजनही वाढेल. मॅग व्हील खड्ड्यात वाकलं तर पूर्ण चाक बदलावं लागतं. आऱ्यांचं चाक असेल तर गावातला कोणताही मिस्त्री आरे कसून आऊट काढून देतो.

त्याच पैशात साधा पुढचा फोर्क, दुहेरी भिंतीचं रिम, आऱ्यांची चाकं, डिस्क ब्रेक आणि मागे सात गिअर एवढं बघा. मुलगा सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभा राहिला की नळी आणि मांड्या यांच्यात दोन इंच मोकळे हवेत. ‘वाढत्या अंगाची’ म्हणून मोठी सायकल घेऊ नका, ब्रेक मारताना तोल जातो. सीट वर करता येते, फ्रेम लहान करता येत नाही. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा : ब्रेकचे पॅड आणि फ्रीव्हील उदगीरमध्येच मिळतात का, आणि महिनाभराने आरे व केबल कसून देणार का. दोन्हींना ‘हो’ म्हणणाऱ्याकडून घ्या.

प्रश्न : हरंगुळजवळ कारखान्यात दुपारची पाळी आहे. घरापासून आठ किलोमीटर. पेट्रोल परवडत नाही म्हणून सायकल सुरू केली. मार्चपर्यंत जमलं, आता दुपारी एकला निघालं की चक्कर येते. (कामगार, लातूर)

उत्तर : एप्रिल-मेमध्ये दुपारी एकला सायकलवर जाऊ नका. ही सवय लावून घेण्याची गोष्ट नाही. जाताना शेअर रिक्षा किंवा सहकाऱ्याची दुचाकी, असा दोन महिन्यांचा बंदोबस्त करा. पावसाळा लागला की सायकल पुन्हा काढा.

पाळी बदलून मागता येते का तेही पहा. दोन महिने दुपारची पाळी घेऊ इच्छिणाऱ्या, म्हणजे तुमच्या उलट अडचण असलेल्या सहकाऱ्याशी आधी बोला. मग दोघांच्या सह्यांचा साधा अर्ज सुपरवायझरकडे द्या आणि पोचेची सही घ्या. नुसतं तोंडी बोलणं महिनाअखेर हजेरीच्या वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही.

नाइलाजाने जावंच लागलं तर निघण्याआधी अर्धा लिटर पाणी प्या, सुती पूर्ण बाह्यांचा ढगळ शर्ट घाला, डोक्याला आणि मानेला ओला रुमाल बांधा. नुसतं पाणी पुरत नाही, घामातून मीठही जातं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. हे प्रमाण वाढवू नका. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

चक्कर, मळमळ किंवा पायात गोळे आले की थांबायचं, सावलीत बसायचं. माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा अंग चटका बसावा इतकं गरम लागलं तर तो उष्माघात. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका.

प्रश्न : पुण्याच्या कंपनीचं काम नांदेडमधून घरी बसून करते. वीज गेली की इन्व्हर्टर पूर्वी दुपारभर चालायचा, आता दोन तासांत बंद पडतो. बॅटरी तीन वर्षांची आहे. बदलावी का? (संगणक अभियंता, नांदेड)

उत्तर : आधी हिशोब करू. लॅपटॉप 60 वॅट, राउटर 15, पंखा 70, ट्यूब 20, म्हणजे सगळे मिळून 165 वॅट. 12 व्होल्ट, 150 एएच बॅटरीत 1800 वॅट-तास मावतात. त्यातले वापरण्याजोगे आणि इन्व्हर्टरची गळती वजा करून साधारण 1100 धरा. म्हणजे नवी बॅटरी साडेसहा तास चालायला हवी. तुमची दोन तास चालते, तेव्हा ती थकली आहे किंवा तिच्यात पाणी कमी आहे. आधी पाणी बघा.

सहाही तोंडांवरचे दर्शक किमान रेषेच्या वर आहेत का? नसतील तर बॅटरी चार्ज झाल्यावर डिस्टिल्ड वॉटर भरा, कमाल रेषेच्या वर जाऊ देऊ नका. बोअरचं पाणी तर नाहीच, आरओचंही नाही. आरओच्या पाण्यात पिण्यापुरते क्षार ठेवलेले असतात आणि ते बॅटरीच्या पट्ट्यांना घातक. एसीतून ठिबकणारं पाणीही चालत नाही, त्यात धूळ आणि धातूचा अंश उतरतो. ॲसिड घरी घालू नका. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, कोरडं करा आणि वर पेट्रोलियम जेली लावा. हे काम इन्व्हर्टर बंद करूनच.

पाणी भरून दोन-तीनदा पूर्ण चार्ज केल्यावरही वेळ वाढला नाही तर बॅटरी बदला, पण जागाही बदला. बॅटरीचं आयुष्य 25 अंशांच्या हिशोबाने सांगितलेलं असतं. त्यावर दर दहा अंशांना ते ढोबळमानाने निम्मं होतं. पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला किंवा पत्र्याखाली बॅटरी ठेवली तर नवीसुद्धा लवकर जाईल. हवा खेळती राहील अशी सावलीची जागा द्या. साध्या पंख्याऐवजी 30 वॅटच्या आसपासचा बीएलडीसी पंखा लावलात तर तेवढ्याच बॅटरीवर दोन तास जास्त काम होईल.

प्रश्न : कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो, वास येतो आणि हात लावला की झिणझिण्या येतात. पाणी ओतून टाकायला जिवावर येतं. (निवृत्त कर्मचारी, लातूर)

उत्तर : झिणझिण्या हा सगळ्यात तातडीचा प्रश्न. आज प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत लावू नका. पत्र्याच्या कूलरला तीन पिनांचा प्लग आणि घराला चालू अर्थिंग हवंच. बऱ्याच घरांत तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे वायरच नसते. अर्थिंग तपासून घ्या आणि मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेलाच असावा.

पांढरा थर बोअरच्या क्षारांचा. पाणी उडून जातं, क्षार टाकीतच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर पाणी दिवसेंदिवस जड होतं. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची. डेंग्यूच्या डासाची अंडी-अळी-डास ही साखळीही त्यानेच तुटते. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहरात कोणाला पाणी फेकवत नाही, हे खरं आहे. ते फेकू नका, संडासात किंवा फरशीला वापरा. झाडांना मात्र घालू नका, क्षारांनी माती खराब होते. पंपावरचा थर किराणा दुकानातल्या लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्यात तासभर बुडवून निघतो.

आणि कूलर लावून खोली बंद करू नका. समोरची खिडकी थोडी उघडी हवी, नाही तर दमट हवा कोंडते आणि गारवा येत नाही. जुलैत हवाच दमट असते, तेव्हा कूलरचं पाणी बंद ठेवा.

थोडक्यात

*रात्री लातूर-अहमदपूर रस्त्याने सायकलवर येतो, धोका किती? (अहमदपूर)* ऊसतोडीच्या हंगामात जास्त. पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. मागे लाल दिवा, अंगात चकाकती जाकीट आणि हेल्मेट एवढं असल्याशिवाय निघू नका. शक्य असेल तर रात्रीचा महामार्ग टाळाच.

*चेनला गाडीचं जुनं इंजिन ऑइल चालेल का? (कंधार)* नाही. त्यातला धातूचा कीस चेन खातो. शिलाई मशीनचं तेल त्यापेक्षा बरं, मात्र दर आठवड्याला द्यावं लागेल.

पुढच्या पत्रात नुसतं ‘सायकल जड जाते’ किंवा ‘बॅटरी चालत नाही’ असं लिहू नका. टायरच्या बाजूवरचा आकडा, बॅटरीवरचा एएच आणि खरेदीचं वर्ष, पाणी बोअरचं की नळाचं, एवढं लिहा. त्यावरून पुष्कळदा नवा खर्च वाचवता येतो.