चिंतामणराव समितीत गेले असते तर?

इतिहासात 'जर-तर'ला स्थान नाही, असे आपण वर्गात नेहमी ऐकतो. परंतु बेताने विचारलेला एखादा 'जर' घडलेल्या गोष्टीची कारणे नीट तपासायला लावतो, असे मला वाटते. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ.

आपले कर्जत-खालापूर तालुके ज्या जिल्ह्यात मोडतात, तो रायगड १९८१ पर्यंत कुलाबा म्हणून ओळखला जाई. याच जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे केंद्रीय अर्थमंत्री आणि १९५२ साली कुलाब्यातून निवडून आलेले काँग्रेसचे खासदार असा त्यांचा लौकिक. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राकडे ठेवण्याच्या बेताविरुद्ध १९५६ साली त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम पाहिले.

आता समजा, ते त्याच वर्षी स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत गेले असते आणि १९५७ साली कुलाब्यातून उभे राहिले असते, तर?

जागेपुरते पाहिले तर फरक पडला नसता. समितीतील शेतकरी कामगार पक्षाने ती जागा जिंकलीच. चळवळीचे बळ लोकांत होते, एका नावात नव्हते. माझा एक मित्र म्हणतो, "लोकसभेत मराठी माणसाची बाजू मांडणारा भारदस्त आवाज तरी मिळाला असता!" हे मला मान्य आहे. पण मग 'राजीनामा निवडणुकीसाठीच होता' असे म्हणायला विरोधकांना जागा मिळाली असती.

पुढे १९६९ मध्ये स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांच्या पाठिंब्याने ते राष्ट्रपतिपदासाठी उभे राहिले. गिरी आणि रेड्डी यांच्या मागे ते तिसरे आले; पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मतमूल्ये त्यांना मिळाली. त्या वेळी त्यांचा मोठेपणा पक्षांच्या बेरजेत मोजला गेला. १९५६ चा राजीनामा मात्र कोणत्याच पक्षाच्या खाती जमा झाला नाही, म्हणून तो साऱ्या महाराष्ट्राचा राहिला.

आमच्या गावी निवडणूक आली की, कोण कोणत्या पक्षात गेला याची चर्चा पारावर रंगते. 'जर'चा हा अभ्यास केल्यापासून मी तिथे एवढेच विचारतो: त्याने खुर्ची सोडली, की नुसती बदलली?