छोटे घर, खरे माप
रेल्वेच्या लेआउटसाठी कौलारू घर कसे बनवावे : कारागिरांसाठी एक धडा

पनवेलचे नाव एकेकाळी लाकूडकामासाठी घेतले जाई. ब्रिटिश अमदानीच्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की गाडीची चाके बनवणे हा या गावचा मुख्य धंदा होता, आणि घाटावरून येणारी प्रत्येक बैलगाडी परतताना इथल्या चाकांची एक जोडी घेऊन जाई असे म्हणत. बैलगाड्या गेल्या, चाकेही गेली. पण ज्या हातांना गुण्या, पटाशी आणि करवत ठाऊक आहे ते हात गावात आजही आहेत. अशा हातांना जमेल असे एक काम आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत. हे काम म्हणजे छोट्या आगगाडीच्या देखाव्यासाठी छोटी घरे बनवणे.

हे काम काय आहे?

काही हौशी लोक मोठ्या टेबलावर रूळ, स्टेशन, डोंगर, बोगदे, गाव असा सगळा देखावा उभा करतात आणि त्यातून विजेवर चालणारी छोटी गाडी फिरवतात. या मांडणीला लेआउट म्हणतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांच्या छंदातून उभे राहिलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला मिळते. जर्मनीत हँबुर्ग शहरी २००१ साली उघडलेला लेआउट तर जगभरचे प्रवासी मुद्दाम पाहायला जातात.

गाड्या आणि रूळ कारखान्यात तयार मिळतात. घरांची किटेही मिळतात, पण ती बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या घरांची असतात. आपल्या देशाची गाडी जर्मन खेड्यातून धावली तर ती शोभत नाही. ज्याला कोकणातले स्टेशन किंवा नेरळ-माथेरानचा डोंगर उभा करायचा आहे, त्याला जोते, पडवी आणि मंगलोरी कौले असलेले घर हवे असते. ते कोणी तरी हातानेच बनवावे लागते. आपल्या कारागिराला जागा आहे ती इथे.

माथेरानच्या गाडीचे नाव निघाले म्हणून सांगतो. ती दोन फुटी गेजची लाइन १९०७ साली सुरू झाली. अब्दुल हुसेन पीरभॉय यांनी ती बांधली आणि पैसा त्यांचे वडील, मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांनी घातला. लेआउट करू पाहणाऱ्याला पनवेलहून इतक्या जवळ दुसरा इतका सुंदर विषय सापडणे कठीण.

पहिला प्रश्न मापाचा

गिऱ्हाईक आले की सर्वांत आधी विचारावे, "प्रमाण कोणते?" १:८७ हे प्रमाण जगात सर्वांत जास्त चालते. खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग, असा त्याचा अर्थ. आमच्या सुतार-गवंडी बंधूंना ते फुटांत लगेच समजेल : खरा १ फूट म्हणजे मॉडेलवर साडेतीन मिलिमीटर. इंग्लंडच्या धर्तीवरची काही मॉडेले १:७६ ची असतात. तिथे १ फुटाला ४ मिलिमीटर. आणखी लहान १:१६० असते. तिथे १ फुटाला दोन मिलिमीटरपेक्षा किंचित कमी.

रूळ मोजून प्रमाण ओळखता येईल असे समजू नये. १:८७ आणि १:७६ या दोन्ही गाड्या १६.५ मिलिमीटरच्या एकाच रुळावर धावतात. खरे ३० फुटांचे घर मात्र एकात १०५ मिलिमीटर भरते, तर दुसऱ्यात १२०. चुकीच्या प्रमाणाचे घर गाडीशेजारी ठेवताच डोळ्यांना खुपते आणि सारी मेहनत फुकट जाते. म्हणून प्रमाण तोंडी न ठेवता कागदावर लिहून घ्यावे.

खरे घर मोजावे

मनाने घर बनवू नये. गावातले एखादे जुने कौलारू घर निवडावे. मालकाची परवानगी घ्यावी, घरातल्या बायामाणसांना आधी कळवावे, आणि बाहेरची मापे तेवढी घ्यावीत. जोत्याची उंची, भिंतीची लांबी-रुंदी-उंची, दारे, खिडक्या, पडवीचे खांब हे सर्व वहीत टिपावे. एका काठीवर फूट-फूट अंतराने काळे-पांढरे पट्टे रंगवून ती भिंतीला उभी टेकवावी आणि समोरून फोटो काढावा. राहून गेलेले माप नंतर त्या फोटोवरून काढता येते.

छपरावर चढण्याची गरज नाही. खाली उभे राहून कौले मोजावीत. मंगलोरी कौल सुमारे १६ इंच लांब व १० इंच रुंद असते. पण एकावर एक बसल्यावर लांबीला सुमारे साडेबारा इंच आणि रुंदीला सव्वाआठ इंच एवढेच दिसते. एका पाखीत वळचणीपासून आढ्यापर्यंत कौलांच्या १४ ओळी भरल्या तर पाखीची लांबी साधारण साडेचौदा फूट आहे हे जमिनीवरूनच कळते.

समजा, घर २० फूट बाय ३० फूट आहे, भिंत १० फूट उंच, जोते २ फूट आणि छपराला दर १० फुटांमागे ७ फूट चढ. साडेतीनने गुणले की १:८७ ची मापे येतात :

घर : ७० बाय १०५ मिलिमीटर
भिंतीची उंची : ३५ मिलिमीटर
जोते : ७ मिलिमीटर
साडेसहा फुटी दार : सुमारे २३ मिलिमीटर
४ बाय ३ फुटांची खिडकी : १४ बाय १०.५ मिलिमीटर
बाजूच्या भिंतीचा त्रिकोण : पाया ७०, उंची २४.५ मिलिमीटर
पाखीची लांबी, वळचणीचे २ फूट धरून : ५१ मिलिमीटर
छपराची रुंदी, दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट बाहेर : ११५ मिलिमीटर

भिंती आणि जोते

जुन्या घराची भिंत दीड फुटाच्या आसपास जाड असते. प्रमाणात ती ५ मिलिमीटर होते. बोर्ड रंगवणाऱ्यांकडे मिळणारा ५ मिलिमीटरचा सनबोर्ड त्याला नेमका बसतो. पुष्कळ लोक पातळ पुठ्ठ्याची भिंत करतात आणि मग दाराच्या कडेला पुठ्ठा दिसतो, भिंत दिसत नाही. चौकट भिंतीत खोल बसलेली दिसली पाहिजे. जुन्या घराचा भारदस्तपणा त्या खोलीतच असतो.

कापताना स्टीलची पट्टी आणि नवे पाते वापरावे. एकाच दाबात आरपार कापू नये, हलक्या हाताने तीन-चार वेळा पाते फिरवावे. दारे-खिडक्या भिंती जोडण्याआधी कापाव्यात. त्रिकोणाच्या दोन भिंती पुऱ्या ७० मिलिमीटरच्या ठेवाव्यात. लांबीच्या दोन भिंती त्यांच्या मध्ये बसतात, म्हणून त्या १०५ नव्हे तर ९५ मिलिमीटरच्या कापाव्यात. दोन्ही बाजूंची पाच-पाच मिलिमीटर जाडी वजा होते. नवशिक्याचे घर इथे चुकते आणि मग छप्पर आखूड पडते. जोडताना प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावावा. एवढ्याशा घरात एक मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या घरात साडेतीन इंचांची चूक, हे ध्यानात ठेवावे.

जोते वेगळे करून त्यावर घर बसवावे. जांभ्या दगडाचे जोते असेल तर सनबोर्डवर बोथट टोकाने चिऱ्यांच्या रेघा दाबाव्यात. आडव्या रेघा सलग आणि उभ्या रेघा एकाआड एक, जसे गवंडी चिरे लावतो तसेच. चौकटीसाठी आगपेटीच्या काड्या तासून घ्याव्यात, खिडकीच्या गजासाठी बारीक तार, आणि पडवीच्या खांबांना बांबूची काडी.

छप्पर : खरी कसोटी

लेआउट पाहणारा माणूस वरून पाहतो. त्यामुळे घराचा जो भाग आधी नजरेत भरतो तो छप्पर. निम्मा वेळ छपरालाच द्यावा.

माउंटबोर्डचे ५१ बाय ११५ मिलिमीटरचे दोन तुकडे घेऊन त्यांवर आडव्या १४ ओळी आखाव्यात. जाड ड्रॉइंग पेपरच्या ५ मिलिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. संपलेल्या रिफिलच्या टोकाने प्रत्येक पट्टीवर दर २.४ मिलिमीटरवर उभी रेघ दाबावी. एका पट्टीत सुमारे ४८ कौले बसतात. पहिली पट्टी वळचणीला चिकटवावी, दुसरी तिच्यावर थोडी चढवून, आणि असेच आढ्यापर्यंत जावे. दोन्ही पाखी मिळून २८ पट्ट्या आणि तेराशेच्या वर कौले होतात. काम कंटाळवाणे आहे हे खरे, पण छापील कागद चिकटवलेले छप्पर आणि हे छप्पर यांतला फरक अजाण गिऱ्हाईकालाही कळतो.

वरून आढ्याची कौले म्हणून अर्धगोल वळवलेल्या कागदाचे छोटे तुकडे लावावेत. वळचणीखाली वाशांची टोके दिसू द्यावीत. जुन्या घराचे आढे मध्ये किंचित वाकलेले असते. मूळ घरात तसे असेल तरच दाखवावे, उगीच वाकवू नये.

रंग आणि पावसाळा

नवे कौल एका रंगाचे, जुने छप्पर अनेक रंगांचे. आधी सर्वत्र विटकरी रंग द्यावा. मग काही कौले गडद, काही फिकी, आणि मधूनच एखाद-दुसरे बदललेले नवे कौल लालभडक करावे. पाणी उतरते तिथे शेवाळाची पातळ काळपट-हिरवी झाक. भिंतीच्या पायथ्याशी लाल मातीचे शिंतोडे. रंगात चमक नसावी. चमकणारे घर खेळण्यासारखे दिसते.

कोकणातील दमट हवा हा पुठ्ठ्याचा शत्रू आहे. एकाच बाजूला रंग दिलेला पुठ्ठा पावसाळ्यात वाकतो. म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचा हात पुठ्ठ्याला दोन्ही बाजूंनी द्यावा. पॉलिशवाल्या बंधूंना हे सांगायला नको. सनबोर्डला मात्र चपडा लावायची गरज नाही, तो पाणी धरत नाही.

लेआउटवर माणसे-जनावरांच्या बाहुल्याही लागतात. प्रतिमा बनवण्याबाबत ज्यांच्या मनात संकोच असेल, त्यांनी घर, विहीर, पूल, कुंपण एवढेच काम घ्यावे. गिऱ्हाईक बाहुल्या तयार आणतो, त्याचे काही अडत नाही.

हिशोब

या कामात माल थोडा आणि हात फार. म्हणून किंमत मालावर लावली तर कारागीर बुडाला. समजा एका घराला १४ तास लागले आणि आपली मजुरी आठ तासांना ८०० रुपये, म्हणजे तासाला १०० आहे. मजुरी झाली १,४००. पुठ्ठा, सनबोर्ड, रंग, पाती यांचे २००. मोडतोडीसाठी दहा टक्के, म्हणजे १६०. एकूण १,७६० रुपये हा झाला खर्च; नफा त्याच्या पुढे. "एवढ्याशा घराला एवढे पैसे?" असे गिऱ्हाईक म्हणणारच. त्याला तासांची वही दाखवावी. वही नसेल तर घासाघीस होते आणि घासाघिशीत नेहमी मजुरीच कापली जाते.

त्याच घराचे दुसरे मॉडेल बनवताना माप घेणे, नकाशा काढणे हे श्रम वाचतात. म्हणून प्रत्येक भागाचा पुठ्ठ्याचा फर्मा जपून ठेवावा. बयाणा घेतल्याशिवाय काम सुरू करू नये, आणि प्रमाण, आकार, मुदत व रंग चिठ्ठीवर लिहून दोघांनी सही करावी.

लेआउटचे शौकीन थोडे आहेत. केवळ त्यांच्यावर घर चालेल असे आम्ही म्हणणार नाही. पण हेच हुनर आर्किटेक्ट आणि बिल्डरच्या कार्यालयातील इमारतींच्या मॉडेललाही लागते, शाळांच्या प्रदर्शनाला लागते. आखातात किंवा मुंबईत राहणाऱ्या एखाद्या कुटुंबाला पाडलेल्या वडिलोपार्जित घराची आठवण जपायची असते, तिथेही लागते. पावसाळ्यात बांधकामे मंदावतात तेव्हा घरात बसून करण्याजोगे हे काम आहे.

शेवटी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. जुन्या पनवेलची कौलारू घरे एकेक करून पडत आहेत आणि त्यांच्या जागी इमारती उभ्या राहत आहेत. ते थांबवणे कारागिराच्या हाती नाही. पण पडण्याआधी घर मोजून वहीत उतरवणे त्याच्या हाती आहे. ते घर ज्यांनी बांधले त्यांचे नकाशे बहुधा कुठेच नसतात. जोत्याला किती, वळचणीला किती, हे त्यांच्या हातात होते. आज मोजले नाही तर उद्या कोणाला विचारणार? तेव्हा या सुटीच्या दिवशी वही, टेप आणि एक शिकाऊ मुलगा सोबत घ्यावा आणि मोहल्ल्यातल्या सर्वांत जुन्या घराच्या मालकाला सलाम करून परवानगी मागावी. काम मिळाले तर रोजी मिळेल. न मिळाले तरी गावचे एक घर मापासह शिल्लक राहील.