पडतंय ते पडू दे

बाबू, जुना लाइन प्रिंटर पाहायला निघालास तर खिशात पैशांच्या आधी मोजपट्टी टाक. मशीन सगळेच मोजतात. तू दार मोज, जिन्याचं वळण मोज आणि गोदामापासून गाडी उभी राहील तिथपर्यंतची जमीन स्वतः चालून बघ. आपल्या कळमेश्वरकडची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला पाय अडकेल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की भरलेली गाडी रुतून बसते. जून ते दसरा हे काम काढूच नको. इतकी वर्षं पडून राहिलेली मशीन आणखी चार महिने पळून जात नाही.

मी तुझा मामा, खलाशी माणूस. एमआयडीसीत लेथ, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर हलवण्यात जन्म गेला. लेथवर कोणाचा जीव जडलेला नसतो. ती कलंडायला लागली की पोट्टे दोन्हीकडे उड्या मारतात आणि घरी धड जातात. तुझं तसं नाही. तुला त्या गंजक्या कपाटात खजिना दिसतो, म्हणून ते झुकलं की तुझा हात आपोआप खाली जाणार, आणि तोच हात सापडणार. जुन्या कॉम्प्युटरच्या कामात मला खरी भीती वजनाची नाही, ह्या जिव्हाळ्याची वाटते. हात लावायच्या आधी सगळ्यांना मोठ्यानं बजाव: पडतंय ते पडू द्यायचं, कोणी धरायचं नाही. मालक तू असलास तरी तुलाही हेच लागू.

वजन डोळ्यांनी ठरवायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो 1956 चा फोटो तूच दाखवला होतास, आयबीएमची पाच एमबीची डिस्क विमानात चढवतानाचा. साधारण टनभर वजन. फोटो नीट बघ, उचलणारा माणूस नाही, फोर्कलिफ्ट आहे. 1965 चा पीडीपी-8 लहान कॉम्प्युटर म्हणून गाजला, तो 113 किलोंचा. बँका आणि वीज बिलांच्या कचेऱ्यांतले लाइन प्रिंटर शंभराच्या पुढे सहज जातात. जुना सर्व्हो स्टॅबिलायझर तर दिसतो पेटीएवढा आणि आत सगळं तांबं-लोखंड. आधी मागची पाटी वाच. पाटी नसेल तर एक कोपरा सब्बलीनं बोटभर उचलून बघ, अंदाज येतो. धान्याचं पोतं एकेकाळी शंभर किलोंचं असायचं. पुण्यात बाबा आढाव, मुंबईत अण्णासाहेब पाटील हमालांच्या पाठीसाठी भांडले, 1969 मध्ये माथाडी कायदा आला, आणि पोतं पुढं 50 वर आलं. ज्यांचा धंदाच उचलण्याचा, त्यांच्यासाठी ही मर्यादा. तू तर दिवसभर खुर्चीत बसणारा.

आता रॅक. माणसाच्या उंचीचा, अरुंद, आणि सरकत्या पट्ट्यांवर बसवलेले ड्रॉवर. वरचा एक जरी पुढं ओढला तरी सगळा तोल समोर येतो आणि ओढणारा तिथंच उभा असतो. खाली पुढं ओढायचे पाय असतात, ते आधी काढ. नसतील तर मागून दोर बांध. रिकामं करायचं ते वरून खाली, म्हणजे जडपणा बुडाशी राहतो. मोठ्या डिस्कची डोकी हलवण्याआधी लॉक करायची असतात, त्याची पट्टी किंवा स्क्रू कुठं आहे ते पुस्तकात शोध. यूपीएसच्या बॅटऱ्या वेगळ्या काढ, उभ्याच ने, आणि टर्मिनलला चिकटपट्टी लाव. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ घरी ठेव. दुपट्टा डोक्याला घट्ट बांध, गळ्यात लोंबता नको.

रॅकच्या चाकांवर भरवसा ठेवू नको. रबर कडक झालेलं असतं, एक चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की रॅक उडी मारतो. खाली प्लायवूड टाक, आणि ढकलताना हात खालच्या एक तृतीयांश भागात असू दे. जुन्या कॉम्प्युटर रूममध्ये पोकळ फरशी असते. तिचा एक चौकोन काढला की शेजारचेही सैल होतात, म्हणून वाटेतला एकही काढायचा नाही.

चाकं नसतील तर पाइप. दीड इंची जीआयचे चार तुकडे, तीन खाली आणि एक हातात. मागचा सुटला की पुढं लावायचा. लावताना टोकांना बाहेरून तळव्यानं ढकलायचा, बोटं पाइप आणि मशीन यांच्या मध्ये कधीच जाता कामा नयेत. सब्बल लावताना शरीर बाजूला, सब्बल दोन पायांच्या मध्ये घ्यायची नाही. निसटली तर हनुवटीपर्यंत येते. जॅक जितका चढेल तितका लाकडाचा गुटका लगेच खाली सरकव. जॅकवर उभ्या असलेल्या मशीनखाली हात घालणारा पोट्टा दिसला की मी त्याला चहा प्यायला पाठवून देत असे, आणि परत बोलवत नसे.

जिन्यात एकच नियम: मालाच्या खाली कोणी नाही. चौघं खालून आधार देतात आणि एकाचा पाय घसरला की चौघं सापडतात. त्यापेक्षा दोन फळ्या टाक, माल लाकडी पॅलेटवर बांध आणि वरच्या मजल्याच्या खांबाला दोराचे दोन वेढे घाल. दोर सोडणारा एक माणूस बसून सगळं वजन सांभाळतो, कारण ताण खांब घेतो. दोर मात्र हाताला गुंडाळायचा नाही. पॅलेट अडकला तर वरून दोर ओढून मागं घ्यायचा, खाली उतरून लाथ मारायची नाही.

हायड्रा क्रेन बोलवायचा मोह होईल. पक्क्या सपाट जमिनीवर ठीक. पण त्याचा माल बूमला लटकत चालतो आणि त्याला टेकवायला पाय नसतात, त्यामुळं काळ्या मातीत एक चाक दबलं की तो मालासकट आडवा होतो. त्यात पत्र्याच्या कॅबिनेटला साखळी गुंडाळलीस तर कपाट चेपणार. पॅलेटखालून बेल्ट घे.

गाडी छोटा हत्ती असेल तर पाऊण टनाच्या आत राहा. जड ते केबिनला टेकवून, उभं ते आडवं न करता, आणि फाळक्यावर कोणाला बसवू नको. फेटरीवरून नागपूरला जाताना मालाशेजारी मागं उभं राहून आधार देणारे बहाद्दर मी पाहिले आहेत. आधार बेल्टनं द्यायचा, माणसानं नाही.

जुना काचेचा मॉनिटर उचलायचा तर काच छातीकडे, कारण वजन सगळं पुढं असतं. आत हवा नसते. मागची नाजूक मान तुटली तर फुसकन हवा शिरून नळी मरते, पण समोरची काच फुटली तर तुकडे उडतात. चष्मा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहिजे. रंगीत नळीवर चालू असताना 25,000 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि बंद केल्यावरही तो काही काळ टिकतो. पॉवर सप्लायचं तसंच. आपली 230 व्होल्टची लाइन आत डीसी झाली की सव्वातीनशे होते आणि कपॅसिटरमध्ये दडून बसते. प्लग काढलाय म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, मीटरनं बघायचं, आणि मोजताना एक हात खिशात. घामेजल्या हाताला शॉक जास्त बसतो, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको. 2013 च्या मे महिन्यात नागपूरचा पारा 47.9 वर गेला होता. अशा उन्हाच्या दिवसांत काम पहाटे पाचला सुरू करून दहाला बंद, पत्र्याच्या गोदामात दुपारी कोणी शिरायचं नाही. सोबत ताक ठेव.

गोदामात पहिलं पाऊल काठीचं. प्रिंटरच्या पोटात उंदीर असतात, आणि उंदरांच्या मागं घोणस आणि मण्यार. विंचू फोमखाली मिळतो. टॉर्च मारल्याशिवाय कुठल्याही फटीत हात नाही. उंदरांची घाण कोरडी झाडू नको, मास्क आणि हातमोजे घालून ओल्या फडक्यानं पूस, हाताला चीर असेल तर आधी बांध. लेप्टो असाच होतो.

कागद थोडक्यात सांगतो. मोठ्या सरकारी कचेरीचा किंवा कंपनीचा माल असेल तर 2022 च्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणी झालेल्या उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडेच जायला पाहिजे. ज्याच्याकडून घेतोस त्याचं पत्र आणि गेट पास घे. रात्री मागच्या फाटकातून काढून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार कर, कारण अंधारात घाईनं उतरवलेला माल पायावरच पडतो.

घरी आणलंस तर तळमजल्यावर. राहत्या घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला 200 किलोंचा भार धरून बांधतात, आणि तुझ्या रॅकचे चार पाय अर्ध्या चौरस मीटरात चारशे किलो टेकवतील. वर न्यायचंच असेल तर इंजिनियरला विचार. आपल्याकडे भाच्याच्या पाया पडायची रीत आहे म्हणून मी रागवत नाही, पण ताईला स्लॅब सोसायचा आहे.

लगेच प्लग लावू नको. मागं बहुधा 115 आणि 230 चा सरकता स्विच असतो, तो 230 वर आहे का ते आधी बघ. अमेरिकेहून आलेली मशीन बहुतेक 115 वरच असते. झाकण काढून उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बघ, मग सिरीज बोर्डावर शंभर वॉटचा पिवळा बल्ब लावून दे. बल्ब भकभकीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद कर. पेटून मंद झाला तर मला फोन कर, मी येतो. उचलायला मात्र नाही, खुर्ची टाकून ठेव.