अत्यल्पाचे मापन : शिशाची कथा

तराजूला जे जाणवतच नाही त्याचे वजन कसे करावयाचे, हा प्रश्न प्रथमदर्शनी शब्दांचा खेळ वाटेल. परंतु पाण्यातील शिसे मोजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञापुढे नित्य हाच प्रश्न उभा असतो. भारतीय मानकाप्रमाणे एक लिटर पिण्याच्या पाण्यात ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक शिसे असता कामा नये. म्हणजे शंभर कोटी भागांत दहा भाग. तांदळाचा एक दाणा सुमारे २० मिलिग्रॅम भरतो. शंभर किलोंची २०० पोती अंगणात ओतली आणि त्या राशीत दहा काळे दाणे असले, तर ते प्रमाण एवढे होईल. हे दहा दाणे शोधणे कठीण खरेच. पण त्याहून कठीण गोष्ट निराळी आहे. शोधणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून चार काळे दाणे राशीत पडले नाहीत, हे कशावरून?

या दुसऱ्या प्रश्नाने क्लेअर पॅटरसन (१९२२–१९९५) या अमेरिकन शास्त्रज्ञाचे आयुष्य व्यापले. १९४८ च्या सुमारास शिकागो विद्यापीठात शिकत असता प्राचीन खडकांतील शिसे मोजण्याचे काम त्यांच्याकडे आले. युरेनियमचे रूपांतर होत होत अखेरीस त्याचे शिसे बनते, व त्या रूपांतराची गती ज्ञात आहे. सबब शिशावरून खडकाचे वय काढता येते. पण उत्तरे जुळेनात. असावयास हवे त्याच्या कितीतरी पट शिसे निघे. दोष यंत्राचा नव्हता. ते जादा शिसे धुळीतून, काचपात्रांतून, आम्लांतून, किंबहुना प्रयोग करणाऱ्याच्या केसांतून व कपड्यांतून येत होते.

यावर उपाय म्हणजे कोरी चाचणी. नमुना न घालता सारी कृती जशीच्या तशी करावयाची व शेवटी किती शिसे हाती लागते ते पाहावयाचे. जे येईल ते नमुन्याचे नव्हे, आपले. हस्तलिखित पोथ्यांच्या अभ्यासकाला ही दृष्टी परकी वाटू नये. नकलकाराने पदरची कोणती अक्षरे घातली हे ओळखल्यावाचून मूळ पाठ सापडत नाही. मी भाषेचा शिक्षक असूनही या विषयाकडे वळलो तो या साम्यामुळेच.

पुढे कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे पॅटरसन यांनी गाळलेल्या हवेची स्वच्छ प्रयोगशाळा उभारली. भांडी आम्लाने धुवावयाची, आम्लेही पुन्हा शुद्ध करून घ्यावयाची, असा तेथील शिरस्ता. या कष्टांतून १९५६ साली उल्कापाषाणांच्या आधारे पृथ्वीचे वय सुमारे ४५५ कोटी वर्षे असल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. तो आकडा आजही टिकून आहे.

त्यांच्या मोजणीची युक्ती फार सुंदर आहे. समजा, एका कणगीत पांढरा तांदूळ किती आहे ते न उपसता सांगावयाचे आहे. मोजून एक हजार लाल दाणे त्यात टाकावे, सर्व नीट कालवावे आणि एक मूठ काढावी. मुठीत एका लाल दाण्यास पन्नास पांढरे असे प्रमाण आले, तर कणगीत पन्नास हजार पांढरे दाणे आहेत. कालवल्यानंतर काही तांदूळ सांडला तरी हरकत नाही, कारण प्रमाण बदलत नाही. शिशाचेही निरनिराळ्या भारांचे अणू असतात. त्यांना समस्थानिके म्हणतात. निसर्गातील प्रमाणाहून भिन्न प्रमाण असलेले शिसे तोलून नमुन्यात मिसळतात, आणि वस्तुमान-वर्णपटमापक हे यंत्र ती ‘मूठ’ मोजून देते. मात्र बाहेरचे पांढरे दाणे मध्येच मिसळले तर ही युक्तीही फसते. म्हणून कोरी चाचणी येथेही सुटत नाही.

खडकांकडून पॅटरसन समुद्राकडे वळले. खोल पाण्यापेक्षा पृष्ठभागाच्या पाण्यात शिसे पुष्कळ अधिक आढळले. अर्थात ते नुकतेच वरून पडलेले होते. ग्रीनलंडच्या बर्फात तर वर्षावर्षांचे थर साठलेले. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार प्राचीन थरांच्या मानाने अलीकडच्या थरांत शिसे शेकडो पटींनी वाढले होते, व सर्वांत तीव्र चढण १९४० नंतरची होती. इंजिनाची ठकठक थांबावी म्हणून १९२३ पासून पेट्रोलात शिशाचे संयुग घालीत असत. मोटारींच्या धुरातून ते जगभर पसरले होते. शिसे लहान मुलांच्या बुद्धीस बाधक आहे, व त्याची निर्धोक अशी मात्रा अद्याप सापडलेली नाही.

उद्योगांच्या बाजूचे तज्ज्ञ म्हणत, एवढे शिसे शरीरात असणे स्वाभाविकच आहे. त्यांच्या प्रयोगशाळांचे आकडेही तसेच येत, कारण त्या प्रयोगशाळाच शिशाने माखलेल्या होत्या! पॅटरसन यांनी १९६५ साली याविरुद्ध लेख लिहिला. त्यानंतर त्यांचे काही अनुदान बंद झाले, आणि १९७१ साली हवेतील शिशाचा विचार करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय समितीत त्यांना घेतले नाही. १९८० साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने ट्यूना, म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या कुळातील, माशाचे मापन प्रसिद्ध केले. ताज्या माशात शिसे अत्यल्प होते. इतरांच्या प्रयोगशाळेत तेच सुमारे हजारपट दाखविले जात होते. शिशाने सांधलेल्या डब्यांतील माशात मात्र ते खरोखरच हजारो पट होते.

भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. मोटारींसाठी ते विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, त्यानेही २०२१ साली ते थांबविले. तथापि जुने रंग, विद्युत्घट आणि कल्हईच्या कथलात भेसळ म्हणून घातलेले शिसे यांचा प्रश्न उरलाच आहे.

विद्यार्थिमित्रांनो, विहिरीचे किंवा नळाचे पाणी कधी तपासणीस पाठविण्याचा प्रसंग आला, तर प्रयोगशाळेने आम्लाने धुवून दिलेल्या प्लॅस्टिकच्या बाटल्याच वापराव्या. बुचाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये. नळाचे पाणी रात्रभर थांबलेले होते की वाहते, हे चिठ्ठीवर लिहावे. थांबलेल्या पाण्यात नळाच्या सांध्यांतील शिसे उतरते. एक जादा बाटली शुद्ध पाण्याची सोबत न्यावी, विहिरीपाशी इतरांइतकाच वेळ उघडी ठेवावी व त्यांच्याबरोबरच तपासणीस धाडावी. त्या कोऱ्या बाटलीतही शिसे निघाले, तर विहिरीविषयी काही बोलण्यापूर्वी सर्व नमुने पुन्हा घ्यावे लागतील.