आग लांब असली तरी धूर दारात असतो

वणवा गावापासून कोसभर लांब असतानाच घरातला एखादा दमेकरी गुदमरायला लागतो. जाळ त्याच्या उंबऱ्यापर्यंत कदाचित कधीच येणार नसतो, पण धूर आलेला असतो. म्हणून 'आग अजून लांब आहे, घाई कशाला' हे म्हणणं मला डॉक्टर म्हणून पटत नाही. आग किती लांब आहे ते वनविभागाने पाहावं. घर कधी सोडायचं हे आपण घरातल्या सगळ्यात नाजूक माणसाच्या श्वासावरून ठरवावं.

आपल्या भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या परिसरात हा विषय दरवर्षी येतो. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत वनविभाग आगीचा हंगाम धरतो. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून कुणी झाडाखालचा पाला पेटवतो, तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणून कुणी काडी लावतो, कुणाचा शेताचे धुरे साफ करताना वाऱ्याचा अंदाज चुकतो. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आपल्या उशाशी आहे, कोका आणि नागझिराही फार लांब नाहीत. ८ एप्रिल २०२१ रोजी नागझिऱ्यात आग विझवायला गेलेले तीन वनमजूर मरण पावले. आटोक्यात आल्यासारखी दिसणारी आग वाऱ्याने पुन्हा भडकली होती. ती माणसं जंगलात वाढलेली होती, वाटा त्यांच्या पायाखालच्या होत्या. तरीही वाऱ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही. गावातल्या पोरांनी मोबाइलवर चित्रीकरण करायला आगीकडे पळू नये, एवढं तरी आपण यातून घ्यावं.

घर सोडायची वेळ आपल्या जिल्ह्याला नवी नाही. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेचं पाणी घरांत शिरलं तेव्हा किती कुटुंबं रातोरात बाहेर पडली, हे भंडारा-पवनीकडच्या लोकांना सांगायला नको. पण पुराची सवय वणव्यात उपयोगी पडत नाही. पाणी पायरी-पायरीने चढतं आणि ओसरलं की डोळ्यांना दिसतं. वणवा वाऱ्याबरोबर दिशा बदलतो आणि विझला असं वाटल्यावरही जमिनीखाली, झाडाच्या बुंध्यात, उकिरड्यात धुमसत राहतो. त्यामुळे निघायचं लवकर आणि परतायचं उशिरा. आपण नेमकं याच्या उलट करतो.

लवकर कोणी निघावं? दमा आणि जुनाट खोकल्याचे रुग्ण, हृदयविकार असलेले, गर्भवती, पाच वर्षांच्या आतली मुलं आणि म्हातारी माणसं यांना धुराचा वास सुटताच हलवा, आदेशाची वाट पाहू नका. आपल्याकडच्या कित्येक आजींनी आयुष्यभर चूल फुंकली आहे. त्यांनी बिडी कधी ओढली नसली तरी त्यांची फुप्फुसं आधीच अर्धी थकलेली असतात. 'मला काही होत नाही बाबू, धुरातच आयुष्य गेलं' असं त्या म्हणतात. धुरात आयुष्य गेलं म्हणूनच तर त्यांना आधी न्यायचं आहे.

सिकलसेलचा उल्लेख मुद्दाम वेगळा करतो, कारण शहरातले डॉक्टर धुरावर लिहितात तेव्हा तो बहुधा राहून जातो आणि विदर्भात तर घरोघरी त्याची ओळख आहे. सिकलसेलच्या रुग्णाला कमी प्राणवायू, ऊन, तहान आणि धावपळ ही चारही एकाच वेळी मिळाली की हाडं फोडणाऱ्या वेदनांचा झटका येऊ शकतो. वणव्याच्या दिवशी या चारही गोष्टी हजर असतात. अशा मुलाला बादल्या घेऊन आग विझवायला पाठवू नका. त्याला सावलीत बसवा, थोड्या थोड्या वेळाने पाणी द्या, आणि त्याच्या गोळ्या व कार्ड सगळ्यांत आधी पिशवीत टाका. छातीत दुखून धाप लागली तर ते 'धुराने झालं असेल' म्हणून सोडून देऊ नका, रुग्णालय गाठा.

पिशवी होळीच्या आधीच भरून ठेवावी. कागदपत्रं आणि दागिने लोक विसरत नाहीत, विसरतात ती औषधं. निदान आठवडाभराच्या गोळ्या मूळ पाकिटासकट घ्या. 'बीपीची पांढरी गोळी' एवढ्या वर्णनावरून कोणताही डॉक्टर औषध देऊ शकत नाही. इनहेलर, चष्मा, गरोदर बाईचं कार्ड, क्षयरोगाच्या उपचाराची पुढची पाकिटं, ओआरएस हे सगळं घ्या. इन्शुलिन एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलं तर वाया जातं. बर्फातही ठेवू नका, गोठलं की तेही निकामी. छोट्या मातीच्या मडक्याभोवती ओली रेती ठेवून मडक्यात कुपी ठेवली की फ्रीज नसलेल्या ठिकाणी काही दिवस निभतं.

आता घरात थांबावं लागलं तर. इथे आपल्या भागाची खास अडचण आहे. धूर आत येऊ नये म्हणून दारं-खिडक्या लावा, असं सगळीकडे सांगतात. पण पारा चव्वेचाळीसवर असताना बंद खोलीत म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो. मग लोक कूलर लावतात. खिडकीतला कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, म्हणजे आपणच पंखा लावून धूर घरात भरतो. खसाची ओली ताटी धूळ अडवते, धुरातले बारीक कण अडवत नाही. म्हणून नाजूक माणसाला तिथून हलवणं हाच खरा उपाय. तोवर कूलर बंद, आतला छताचा पंखा चालू, अंगावर ओलं फडकं. चूल, उदबत्ती आणि डासांची कॉइल त्या दिवशी पेटवू नका. घरात आधीच काय कमी धूर आहे?

ओल्या दुपट्ट्यावरही असाच फसवा विश्वास आहे. तोंडाला ओला दुपट्टा बांधल्याने राखेची मोठी कणी अडते आणि गार वाटतं, पण फुप्फुसाच्या तळापर्यंत जाणारे कण त्यातून आरामात पार होतात. एन-९५ मास्क नाकाशी घट्ट बसत असेल तर उपयोगी आहे, दाढीवर सैल लटकत असेल तर नाही. गुळाचंही सांगून टाकतो. धुरात काम केल्यावर गूळ खाल्ला की छाती साफ होते, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. गूळ पोटात जातो, छातीत नाही. चहाबरोबर खा, हरकत नाही.

निघताना जनावरांचं दावं सोडा, गोठ्याचं फाटक उघडा. हे पशुवैद्याचं काम मी करतोय असं वाटेल, पण माणसं धुरात परत शिरतात ती बहुतेक बांधलेल्या गाई-शेळ्यांसाठी. मोकळं जनावर वाट काढतं. गॅसचं सिलिंडर बंद करा, विजेचं मेन स्विच पाडा, अंगात सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. नायलॉनची साडी किंवा टेरिकॉट अंगाला वितळून चिकटतं. जंगलातली आग दिसली की १९२६ वर वनविभागाला कळवा, रुग्णवाहिकेसाठी १०८.

कुणी भाजलं तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. बर्फ नको, टूथपेस्ट नको, हळद, शाई, चिखल काही नको. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सूज येण्याआधी काढून घ्या. नंतर स्वच्छ सुती कापडाने सैल झाकून रुग्णालयात न्या. लहान मूल बरंच भाजलं असेल तर त्याला पाण्यात फार वेळ ठेवू नका, ते गारठतं.

ज्यांना बाहेरून काहीच इजा दिसत नाही, त्यांची मला जास्त काळजी वाटते. नाकात काजळी, नाकातले केस होरपळलेले, आवाज बसलेला, थुंकीत काळं असा माणूस चालत-बोलत आला तरी त्याला घरी पाठवू नका. त्याच्या श्वासनलिकेला आतून सूज येत असते आणि ती पुढच्या दिवसभरातही वाढू शकते. दुसरं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, चक्कर. एकाच घरातल्या दोघातिघांना हे एकदम झालं तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. कोरोनात घेतलेलं, प्राणवायू मोजणारं बोटाचं यंत्र इथे फसवतं. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि यंत्राला तो प्राणवायूच वाटतो, म्हणून आकडा अठ्ठ्याण्णव दिसत असतानाही माणूस गंभीर असू शकतो. आकड्यावर नाही, माणसावर विश्वास ठेवा आणि प्राणवायू मिळेल अशा ठिकाणी न्या.

आणि मग वाट पाहणं. शाळेच्या खोलीत किंवा नातलगांच्या ओसरीवर पहिली रात्र निघते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरी काकाजी उठून चप्पल घालतात, 'जराकसं पाहून येतो जी.' त्यांना अडवणं सोपं नसतं, कारण घर जळलं की नाही हे माहीत नसणं जळल्याच्या बातमीपेक्षा जड जातं. माझा सल्ला असा की गावाने एकच माणूस ठरवावा. पोलीस पाटील, सरपंच किंवा वनरक्षकाशी त्याने बोलावं आणि सकाळ-संध्याकाळ सगळ्यांना खरं काय ते सांगावं. बातमी वेळेवर मिळाली की माणसं बसून राहतात. या दिवसांत झोप उडते, छाती धडधडते, मुलं अंथरूण ओलं करतात. हे वेड नव्हे. आठवडे उलटूनही कमी होत नसेल तर टेलि-मानसच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दारूने त्या रात्री झोप लागते, पण श्वास मंदावतो, आणि धूर खाल्लेल्या माणसाला तेच परवडत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवा लागला तेव्हा दीड लाखाहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. आग मागे हटल्यावरही कित्येक वस्त्यांत त्यांना लगेच परतू दिलं नाही आणि काही भागांत नळाचं पाणी पिऊ नका असं बजावलं. इतकी साधनं असलेल्या शहराला थांबावं लागतं, तर आपल्याला का नको? पाण्याचं कारण नीट समजून घ्या. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातलंच पॅराडाइज नावाचं गाव जळलं, तेव्हा तिथल्या नळाच्या पाण्यात बेंझिन सापडलं होतं. प्लास्टिक तापलं, वितळलं की अशी रसायनं पाण्यात उतरतात. ती उकळून जात नाहीत, मेडिक्लोर टाकूनही जात नाहीत. म्हणून वितळलेल्या टाकीतलं किंवा पाइपातलं पाणी जनावरालाही देऊ नका. उघड्या विहिरीत राख पडली असेल तर पाणी तपासून घेईपर्यंत टँकरचं किंवा लांबच्या हातपंपाचं पाणी प्या.

परवानगी मिळाल्यावर पहिल्या फेरीला मोठ्यांनीच जावं, दिवसा, बूट घालून. मुलं आणि दमेकरी नंतर. राख पांढरी दिसते म्हणून थंड असते असं नाही. जळून गेलेल्या मुळांच्या जागी खड्डा असतो, वर राख, खाली निखारा. तणसीचा ढीग आणि भाताच्या कोंड्याचं पोतं आत कित्येक दिवस पेटतं राहतं, त्यात हात घालू नका, आधी पाणी ओता. राख ओली करून मगच उचला, कोरडी झाडली की पुन्हा तोच धूर छातीत जातो. ओली राख कातडीला झोंबते, तेव्हा हातमोजे हवेत, डोळ्यात गेली तर भरपूर पाण्याने धुवा. सिमेंटचे पत्रे तडकले असतील तर फोडू नका, त्यांत ॲसबेस्टॉस असतो. तारा लोंबत असतील तर महावितरणचा माणूस येईपर्यंत अंगणातही पाय नको. जंगलातून निसटलेला साप, रानडुक्कर किंवा अस्वल गोठ्यात येऊन बसलेलं असू शकतं, म्हणून आधी काठी आपटत आवाज करा.

झाकलेल्या कोठीतलं धान्य बहुधा चालतं. उघडं पडलेलं, धुराचा वास धरलेलं किंवा प्लास्टिकच्या डब्यात तापलेलं अन्न फेका. आगीत तापलेली औषधंही फेका, महाग असली तरी. कूलरची ताटी बदला आणि टाकी घासून घ्या.

मोहाच्या दिवसांत मला हमखास विचारतात की आग विझल्यावर फुलं वेचायला कधी जायचं. झाडाखालची जमीन पायाला नव्हे, हाताला थंड लागेपर्यंत नाही, आणि मुलांना घेऊन तर नाहीच. राखेत पडलेली फुलं खायला ठेवू नका. झाडाखाली जुनी साडी अंथरा, रात्री पडतील ती फुलं सकाळी तिच्यावरून उचला.